उंदीर काय खातो आणि उंदराला काय खाते

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कडाव या गावी दिगंबर सिद्धिविनायकाचे जे देवस्थान आहे, आणि ज्याची स्थापना कण्व मुनींनी केली असे भाविक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, तेथे चतुर्थीला गणपतीबरोबर त्याच्या वाहनालाही हात जोडून बाहेर पडणारा शेतकरी संध्याकाळी आपल्या भाताच्या बांधावर जातो तेव्हा त्याच्या हातात त्याच वाहनाच्या नातलगांसाठी झिंक फॉस्फाइड मिसळलेल्या आमिषाच्या पुड्या असतात, आणि यात त्याला कसलीही विसंगती वाटत नाही. भात कापून खळ्यावर आले की याच तालुक्यातील आणि शेजारच्या खालापुरातील कातकरी रिकाम्या खाचरांच्या बांधांवर कुदळी घेऊन बिळे खणावयास निघतात. उंदीर हाती लागला तर रात्रीच्या कालवणाची सोय होते, आणि त्याने बिळाच्या पोटात साठविलेल्या लोंब्या सापडल्या तर आणखी दोन दिवसांची बेगमी होते. एकाच जीवाच्या नावाने देव्हाऱ्यात, शेतात आणि कातकरवाडीत अशी तीन निरनिराळी खाती फार पूर्वीपासून उघडलेली आहेत. चौथे खाते अलीकडचे आहे: मुंबईच्या महात्मा फुले मंडईतून, म्हणजे जुन्या लोकांच्या क्रॉफर्ड मार्केटातून, जाळीच्या पिंजऱ्यात घालून आणलेला पांढरा किंवा डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा दिसणारा उंदीर, ज्याला घरची मुले नाव ठेवतात आणि घरची वडीलधारी मंडळी काही दिवस तोंड वाकडे करून पाहतात.

हा इसम बांधावरच्या उंदराचा सख्खा भाऊ नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. भातशेतीत बिळे करून लोंब्या ओढून नेते ती बहुधा लहान घूस. माळ्यावर आणि कौलांखाली धावतो तो काळा घरउंदीर. आणि पिंजऱ्यातला पाळीव उंदीर हा तपकिरी उंदराचा, माणसाच्या सहवासात अनेक पिढ्या वाढलेला, स्वभावाने निवळलेला वंशज. व्हिक्टोरिया राणीच्या काळी लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता, त्याने विचित्र रंगाचे उंदीर मारण्याऐवजी बाजूला काढून त्यांची पैदास केली आणि ते हौशी लोकांना विकले. पुढे 1906 च्या सुमारास अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत पांढऱ्या उंदरांचा जो वाण सिद्ध झाला तो जगभरच्या प्रयोगशाळांत पसरला. आमच्या कायद्याने मात्र हे भेद मानले नव्हते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळा, फळे खाणारे वटवाघूळ आणि उंदीर हे ‘उपद्रवी’ या एकाच सदरात मांडून ठेवलेले होते. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली.

पाळीव उंदराला काय घालावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विलायतेला जाण्याचे कारण नाही, कारण त्याचे एक फार सुंदर उत्तर निलगिरी पर्वतावरील कुन्नूर येथे मिळालेले आहे. तेथे रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टराने पहिल्या महायुद्धानंतर आहारसंशोधनाची जी प्रयोगशाळा चालविली, आणि जिच्यातून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली, तिच्यात त्याने पांढऱ्या उंदरांचा मोठा संसार मांडला होता. या उंदरांची रोजची पंगत अशी असे: कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची, लोण्याचा हात फिरवलेली चपाती, मोड आलेले हरभरे, कच्चे गाजर आणि कोबी, न तापविलेले दूध, आठवड्यातून एकदा हाडासकट मांसाचा लहान तुकडा, आणि पाणी. त्याबरोबर स्वच्छता, मोकळी हवा आणि रोजचे ऊन. इतकी साधी शिधासामग्री. परंतु दोन वर्षांहून अधिक काळ त्या संसारात आजार म्हणून दिसला नाही, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. अपवाद एकच: शवविच्छेदनात अधूनमधून पट्टकृमीची गाठ सापडे. या अपवादाकडे आपल्याला पुढे वळावयाचे आहे.

याच प्रयोगशाळेत मॅककॅरिसनने हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांना घालून पाहिले. प्रत्येक गटातील उंदीर सारख्या वयाचे, सारख्या परिस्थितीतले. फरक फक्त ताटातला. शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत वजनदार निघाले, त्यांच्यामागून पठाणांच्या आहारावरचे, आणि तिसरा क्रमांक आला तो मराठ्यांच्या आहाराचा. सर्वांत खाली राहिला तो गिरणीत सडलेल्या भातावर मुख्यतः अवलंबून असणारा मद्रासी आहार. मराठी वाचकाला तिसऱ्या क्रमांकाचा थोडा अभिमान वाटला तर त्यात गैर नाही, परंतु कडावच्या माणसाने तो अभिमान जपून बाळगावा, कारण ज्वारी-बाजरीच्या देशावरचे ताट आणि आमच्या भातखाऊ कोकणपट्टीचे ताट ही दोन वेगळी ताटे आहेत. आणखी एका गटाला त्याने गरीब इंग्रज माणसाचा आहार दिला: पांढरा पाव, मार्गारीन, डब्यातले मांस, गोड चहा. ते उंदीर खुरटले, पोसणाऱ्यांना चावू लागले, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खाऊ लागले. उंदराचा स्वभाव बिघडला अशी तक्रार करणाऱ्याने आधी त्याची ताटली तपासावी.

आता हा शिधा कडावच्या स्वयंपाकघरातून कसा काढावा? प्रयोगशाळेतील प्राण्यांसाठी तयार केलेल्या खाद्याच्या कांड्या मिळत असतील तर त्या मुख्य आहार म्हणून द्याव्यात आणि घरचे अन्न वरकड ठेवावे, कारण धान्यांची मिसळ समोर ठेवली की उंदीर सूर्यफुलाचे बी आणि शेंगदाणा निवडून खातो व बाकीचे तसेच टाकतो, आणि मग पोषणाचा सगळा हिशेब त्याच्या आवडीनिवडीच्या स्वाधीन होतो. कांड्या मिळत नसतील तर हातसडीचा तांदूळ, नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, मोड आणून वाफवलेले मूग, दुधी, गाजर, मेथी किंवा शेवग्याचा पाला, आणि आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा किंवा काटे काढलेल्या बिनमिठाच्या मासळीचा सुपारीएवढा तुकडा यांवर तो उत्तम राहू शकतो. गिरणीतला कोंडा पौष्टिक असतो खरा, परंतु त्यातील तेल लौकर खवट होते, म्हणून ताजा मिळाला तरच घ्यावा. पूर्ण वाढीचा उंदीर दिवसाला पंधरा ते वीस ग्रॅम कोरडे अन्न खातो आणि वजनाच्या दर शंभर ग्रॅममागे सुमारे दहा मिलिलिटर पाणी पितो. पिलांना व लेकुरवाळ्या मादीला प्रथिने अधिक लागतात. प्रौढाला तीच ताटली चालू ठेवली की तो लठ्ठ होतो, आणि लठ्ठ उंदराचे दोन-तीन वर्षांचे आयुष्य आणखी आखूड होते. क जीवनसत्त्व तो माणसासारखे बाहेरून मागत नाही, स्वतःच्या यकृतात तयार करतो. म्हणून गिनीपिगासाठी केलेली तजवीज याच्यासाठी करण्याची गरज नाही. उलट नर उंदराला संत्र्याच्या सालीपासून दूर ठेवावे, कारण त्या सालीतील लिमोनीन हे द्रव्य नराच्या मूत्रपिंडाला बाधते, मादीच्या बाधत नाही. निसर्गाने हा पक्षपात का केला असेल तो असो.

रायगडात राहून वालाविषयी न लिहिणे हा अपराध ठरेल. माघ-फाल्गुनात वालाच्या शेंगांची पोपटी लागते तेव्हा घरात दाणे सांडलेले असतात, आणि मुले हौसेने चार दाणे पिंजऱ्यातही टाकतात. शिजलेल्या वालाचा एखादा दाणा चालेल. कच्चा मात्र कदापि नको, कारण कच्च्या कडधान्यात पचनाला अडवणारी आणि विषारी द्रव्ये असतात, ती पुरेशा आचेनेच मोडतात. त्याहूनही मोठा धोका पावसाळ्याचा. चार महिन्यांच्या ओलाव्यात शेंगदाण्यावर आणि धान्यावर जी हिरवट बुरशी धरते तिच्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष उंदराच्या यकृताला ग्रासते. माणसाला ‘थोडे निवडून घेतले तर चालेल’ असे वाटणारा शेंगदाणा उंदरासाठीही फेकूनच दिला पाहिजे.

गणपतीच्या पायाशी बसलेला मूषक दोन्ही पुढच्या पायांत मोदक धरून दाखविलेला असतो, आणि मूर्तिकाराचे निरीक्षण येथे अचूक आहे. उंदीर खातो तो असाच, घास हातात फिरवून, कडा कुरतडत. परंतु उकडीच्या मोदकातला नारळ आणि गूळ हा त्याचा रोजचा आहार होऊ शकत नाही, आणि उकड चिकट असते ही त्याहून महत्त्वाची गोष्ट. उंदराला ओकारी येत नाही. गिळलेले परत बाहेर टाकण्याची सोय त्याच्या शरीररचनेत नाही, त्यामुळे चिकट घास अडकला तर सुटका नाही, आणि विष पोटात गेले तर ते परत फिरत नाही. त्याच्या प्रसिद्ध सावधपणाचे मूळ बहुधा येथेच आहे: नवा पदार्थ दिसला की तो आधी वास घेतो, कणभर चाखतो, थांबतो, आणि पोटात गडबड झाली तर त्या चवीला पुन्हा शिवत नाही. कडावचा शेतकरी हे शास्त्र न शिकता जाणतो, म्हणून तो पहिले दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवून उंदरांचा विश्वास संपादन करतो आणि मगच विषाची पुडी मिसळतो. उंदीर पाळणाऱ्याने याच्या उलट शहाणपण घ्यावे: कडू औषध रोजच्या भाकरीत कधीही मिसळू नये, नाहीतर औषध तर जाईलच, भाकरीही त्याच्या यादीतून जाईल. समोरचे पिवळे दात पाहून घाबरू नये. ते तसेच असतात, आणि वर्षाकाठी चार-पाच इंच वाढतात, म्हणून झिजवायला नारळाची स्वच्छ करवंटी पिंजऱ्यात ठेवावी.

येथवर उंदराने काय खावे हे झाले. उंदराला काय खाते, याकडे वळण्याआधी एका विद्वानाची चूक सांगितली पाहिजे, कारण या दोन प्रकरणांमधील भिंत किती पातळ आहे हे तिच्याइतके स्पष्टपणे दुसरे काही दाखवीत नाही. कोपनहेगनचे योहानेस फिबिगर यांना एका साखरेच्या कारखान्यातील उंदरांच्या जठरात गाठी आढळल्या आणि त्या गाठींत एक सूक्ष्म जंत आढळला. तो जंत झुरळांच्या मार्फत उंदरात शिरतो हे त्यांनी सिद्ध केले, जंत हेच कर्करोगाचे कारण होय असा निष्कर्ष काढला, आणि त्याबद्दल त्यांना 1926 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे इतरांनी तपासले तेव्हा दिसले की पावापाण्यावर ठेवलेल्या त्या उंदरांना अ जीवनसत्त्व मिळत नव्हते, त्या अभावाने जठराचे अस्तर आधीच बिघडलेले होते, जंताने त्यात भर घातली एवढेच, आणि त्या गाठी खऱ्या अर्थाने कर्करोगाच्या नव्हत्या. फिबिगर यांनी जमेची बाजू न पाहता खर्चाची बाजू बारकाईने तपासली. पाळीव उंदराच्या अंगावर खरूज उठली की आपणही नेमके हेच करतो. औषधाची बाटली शोधू लागतो, आणि गेला महिनाभर तो पावाच्या तुकड्यांवर राहिला आहे हे विसरतो. केसांत राहणारे सूक्ष्म किडे थोड्या संख्येने पुष्कळ उंदरांवर निरुपद्रवी असतात. उंदीर म्हातारा, आजारी किंवा कुपोषित झाला की त्यांची प्रजा अनावर वाढते.

उंदरावरील परजीवींचा अभ्यास आमच्या मुंबईने प्राणांचे मोल देऊन केला आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. 1898 साली पॉल-लुई सिमॉँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत पिसू हाच दुवा असल्याचा प्रयोग केला, आणि बहुतेकांनी त्याला हसण्यावारी नेले. नंतर परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, जेथे आज हाफकिन संस्था आहे, ग्लेन लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोगाचे त्यांचे सहकारी यांनी 1905 पासून तो प्रश्न निकालात काढला. त्यांच्या प्रयोगांतील एक प्रयोग फार सोपा आणि फार बोलका आहे: पिसवांनी भरलेल्या खोलीत गिनीपिगांचे पिंजरे टांगले असता जमिनीपासून दोन इंचांवरच्या प्राण्यांना प्लेगची लागण झाली आणि दोन फुटांवरचे सुरक्षित राहिले, कारण पिसू चार-पाच इंचांपेक्षा उंच उडी घेत नाही. कडावच्या घरात पाळीव उंदराचा पिंजरा कोठे ठेवावा, याचे उत्तर याच प्रयोगात आहे. जमिनीवर तो ठेवू नये; माळ्यावरचा घरउंदीर रात्री त्याच्या जाळीशी येऊन वास घेतो, पिसवा सोडून जातो, आणि मुततोही, व त्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणू येऊ शकतो. खाद्याचा डबा घट्ट झाकणाचा हवा. अंथरायला पेंढा नको, कारण खळ्यावरून आलेल्या पेंढ्यात रानउंदरांनी रात्री काढलेल्या असतात. कोरा कागद फाडून घातला तर स्वस्त आणि निर्धोक.

उंदीर मागच्या पायाने मानेला आणि खांद्याला सतत खाजवीत असेल आणि तेथे खपल्या दिसत असतील तर केस फुंकरून पाहावेत. उवा डोळ्यांना दिसतात, त्यांच्या लिखा केसांना चिकटलेल्या असतात. या उवा रक्त पितात, पण उंदरावरच राहतात, माणसावर नांदत नाहीत. केसांतले सूक्ष्म किडे भिंगाशिवाय दिसत नाहीत. कानाच्या कडांवर, नाकावर आणि शेपटीवर चामखिळीसारखे खरखरीत उंचवटे आले तर तो कातडीत बिळे करणारा खरजेचा किडा. सर्वांत फसवा आहे तो उंदराचा उष्णकटिबंधीय रक्तपिपासू किडा: तो रात्री रक्त पिऊन दिवसा पिंजऱ्याच्या आणि भिंतीच्या फटींत लपतो, त्यामुळे उंदराच्या अंगावर काहीच सापडत नाही, आणि घरातल्या माणसांच्या मनगटांवर व कमरेभोवती मात्र खाजरे पुरळ उठतात. अशा वेळी उंदराइतकाच पिंजरा आणि भिंतही रोगी समजावी. पोटातल्या रहिवाशांत सूतकृमी सामान्य आहे आणि बुटका पट्टकृमी माणसालाही, विशेषतः मुलांना, लागू शकतो, म्हणून उंदराला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याचा शिरस्ता पाळलाच पाहिजे. कुन्नूरच्या शवविच्छेदनात सापडलेली ती गाठ बहुधा मांजराच्या पट्टकृमीची असावी. मांजराच्या विष्ठेतून त्याची अंडी उंदराच्या अन्नात किंवा बिछान्यात येतात आणि यकृतात गाठ धरतात. दूध, लोणी, गाजर, ऊन, सर्व काही होते. मांजराची वाट मात्र कोणी अडवली नव्हती. डोळ्यांभोवती व नाकाशी लालसर ओघळ दिसला तर ते रक्त नव्हे, डोळ्यामागील ग्रंथीचा स्राव आहे. पण तो वाढला की उंदीर कशाने तरी हैराण आहे असे खुशाल समजावे.

घरगुती उपायांत रॉकेल, तंबाखूचे पाणी, डांबराच्या गोळ्या यांचा मोह होतो. उंदीर आपले अंग दिवसातून अनेकदा चाटून स्वच्छ करतो, म्हणून जे अंगाला लावाल ते त्याच्या पोटात जाणारच, आणि पोटातून ते परत येणार नाही हे वर सांगितलेच आहे. आज पशुवैद्य बहुधा आयव्हरमेक्टिन देतात. जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हे औषध निघाले आणि त्यासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कँपबेल यांना 2015 चे नोबेल मिळाले. या वेळी नोबेल समिती चुकलेली नाही. परंतु तालुक्याच्या ठिकाणी हे औषध बैल-म्हशींच्या मापाचे मिळते, आणि येथेच फार जपले पाहिजे. उंदराची नेहमीची मात्रा दर किलो वजनाला सुमारे 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम; चारशे ग्रॅमच्या उंदराला म्हणून 0.08 ते 0.16 मिलिग्रॅम पुरते. गुरांच्या एक टक्क्याच्या द्रावणाचा एक थेंब, म्हणजे सुमारे 0.05 मिलिलिटर, यात अर्धा मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे एकाच थेंबात योग्य मात्रेच्या तीन ते सहा पट औषध जाते. ‘एक थेंब कानाजवळ लावा’ हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो त्याचे हे गणित आहे. औषध पशुवैद्याने वजन पाहून, पातळ करून द्यावे. ते अंड्यांना मारत नाही, म्हणून एक ते दोन आठवड्यांच्या अंतराने साधारण तीनदा द्यावे लागते. आणि प्रत्येक वेळी पिंजरा उकळत्या पाण्याने धुवावा व कागद जाळून टाकावा. एकच उंदीर खाजवीत असला तरी त्याच्या पिंजऱ्यातील सर्वांना औषध द्यावे. पट्टकृमीला प्राझिक्वांटेल आणि सूतकृमीला फेनबेंडाझोल ही औषधे निराळी.

उपचार चालू असताना आणि एरवीही, आठवड्यातून एका ठरल्या दिवशी उंदराचे वजन करावे व वहीत तारखेसह मांडावे. खाद्य कमी पडते आहे की कोणी आतून खाते आहे, हे अंगावर काही दिसण्याआधी त्या आकड्यांत दिसते. किराणा दुकानातल्या लहान इलेक्ट्रॉनिक काट्यावर डबा ठेवून त्यात त्याला बसवावे. तो डब्याच्या काठावर पुढचे पाय टेकून चहूकडे हुंगतो आणि आकडा क्षणभरही स्थिर राहत नाही. तेव्हा शेंगदाण्याचा अर्धा दाणा त्याच्या हाती द्यावा, आणि तो दोन्ही पंजांत धरून, कडा कुरतडत, खात असेपर्यंत आकडा वाचून घ्यावा.